सासरेबुवांचं सॉफ्टवेअर

३ फेब्रुवारी
सासरेबुवांना दवाखान्यातून आमच्याकडे आणलं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. मेंदूला झटका बसला आणि वाचा गेली. हातपाय शाबूत. ही सारखी डोळे पुसते. मी धीर दिला. कॉम्प्युटर दुरुस्तीत बावीस वर्षं काढलीत. मेंदू तरी दुसरं काय? हार्डवेअर ठीक आहे, भाषेची फाइल उडालीय. परत टाकू. फार तर महिना.

४ फेब्रुवारी
सिद्धांत लिहून ठेवतो. माणूस भाषेतच विचार करतो. शब्द नाहीत म्हणजे विचार नाहीत. सासरेबुवांचं डोकं म्हणजे सध्या रिकामा डबा, कोरा पडदा. हे त्यांच्यासमोरच हिला समजावलं. ही म्हणाली, "अहो, हळू बोला." कशाला?

६ फेब्रुवारी, सकाळी ९
अभ्यासक्रम तयार. दोनशे शब्द. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या : दार, खुर्ची, आरसा, डबा. दुकानात जाण्याआधी रोज एक तास शिकवणी.
आज 'दार'. मी छत्तीस वेळा म्हटलं. सासरेबुवा उठले, दार उघडून बाहेर गेले आणि माझा तास संपेपर्यंत आत आले नाहीत. शब्द काही फुटला नाही. प्रगती शून्य.

९ फेब्रुवारी
दिवसभर गिऱ्हाइकं खुशीत. माझ्या बोलण्याची छाप पडतेय. घरी येऊन शर्ट काढला, तर पाठीवर चिठ्ठी : 'डबा'.
हल्लीच्या चिकटपट्ट्या कुठेही चिकटतात.

१२ फेब्रुवारी
त्यांचं शिलाई मशीन खोली अडवून बसलंय. काढून टाकायचं ठरवलं. ज्याला 'कात्री' म्हणता येत नाही तो कात्री चालवणार कशी? ही म्हणाली, "आधी बाबांना विचारा." मी म्हटलं, "कुठल्या भाषेत?" वाद जिंकलो. त्यानंतर ही माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. सासरेबुवा संध्याकाळभर मशीनवर हात ठेवून बसले होते. सवय, दुसरं काय.
भाजी मात्र आज खारट होती.

१५ फेब्रुवारी
मशीन न्यायला माणूस यायचा म्हणून लवकर उठलो. पॅन्ट चढवली आणि चक्क श्वास घेता आला. कंबर दोन इंच उसवून नव्याने शिवलेली. टाके सुबक. वर्षभर मी पोट आत ओढून फिरतोय हे कोणालाच सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. सासरेबुवांनी टेप लावली नव्हती, विचारलंही नव्हतं.
पॅन्ट काढून टाके पुन्हा तपासले. मग लक्षात आलं : ही हातांची मेमरी. विचार नव्हे. सिद्धांत शाबूत.
मशीन न्यायला आलेल्याला हिने दारातूनच परत पाठवलं. मी हरकत घेतली नाही. शर्टही जरा तंग होतायत.

१८ फेब्रुवारी
वाचेवर उपचार करणाऱ्या बाई आल्या. चित्रं मांडली आणि 'सुई दाखवा', 'छत्री दाखवा' असं म्हणत गेल्या. सासरेबुवांनी सगळी अचूक दाखवली. बाई म्हणाल्या, "शब्द ओठांवर येत नाहीत एवढंच. समजतं सगळं. पहिल्या दिवसापासून."
मी विचारलं, "सगळं म्हणजे?"
"सगळं म्हणजे सगळं."
सासरेबुवा माझ्याकडे बघत होते. मला आठवू लागलं : रिकामा डबा, कोरा पडदा. शिवाय माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला होता, त्याच्या बाह्यांबद्दल मी परवा जे बोललो ते.
चहा आणायला आत गेलो. बाई जाईपर्यंत आणत होतो.

२१ फेब्रुवारी
माफी मागायची ठरवली. पण नुसती माफी कोरडी वाटते. थोडी पार्श्वभूमी हवी. समोर खुर्ची घेतली. भाषा आधी की विचार आधी, इथून सुरुवात केली. मग मेमरी, मग प्रोसेसर. चाळीस मिनिटांत प्रस्तावना आटोपली. माफीकडे वळणार, एवढ्यात सासरेबुवांनी हात वर केला. ओठ हलले. मान थरथरली.
"पुरे!"
ही आतून धावत आली. त्यांच्या गळ्यात पडून रडली, हसली. मग एकेका नातेवाइकाला फोन. "बाबा बोलले!" काय बोलले, कधी बोलले, कोणाला बोलले, सगळं तपशीलवार. प्रत्येक फोनवर पलीकडचं हसणं खोलीभर ऐकू येत होतं.
उच्चार स्पष्ट होता. शब्दही नेमका.
माझ्या दोनशेत तो नव्हता.