हद्द कुणाची, अण्णा?

अण्णा, आज मी भर सभेत पोलिसांशी भांडून आले. फौजदाराची मुलगी मी, दुसऱ्या कुणाशी भांडणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं काही झालं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

इथे नॉर्थ कॅरोलायनात आमच्या शेजारी एक मेक्सिकोची बाई राहते. माझी मुलगी शाळेतून आली की तिच्याकडेच असते, तिच्याच हातचं खाते. गेल्या महिन्यात तिच्या घरात चोर शिरला, त्याने तिला ढकललं, हात मोडला. मी फोन उचलला तर दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं. पोलीस नकोत म्हणाली. तिच्याकडे इथे राहायच्या परवान्याचे कागद नाहीत. सरहद्द, व्हिसा हे वॉशिंग्टनचं, म्हणजे केंद्राचं काम. इथल्या पोलिसांनी चोर पकडायचा. पण न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर अतिरेक्यांनी पाडल्यापासून जो तो सरहद्द राखायला निघालाय. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांनाही आता लोकांचे कागद तपासायचा अधिकार हवाय. केंद्र काही करत नाही, मग आम्ही करतो, असं त्यांचं म्हणणं. आज त्यावर सभा होती. नवरा म्हणाला, आपलं ग्रीन कार्ड लटकलंय, तू कशाला नसत्या भानगडीत पडतेस? मी गेलेच.

तिथे बसल्या बसल्या मला आपली चौकी आठवली. तुम्ही टेबलाशी बसलाय, मी तुमचा डबा घेऊन दारात उभी. रस्त्याच्या कामावर परराज्यातून आलेली एक बाई आत आलीय, कपाळातून रक्त येतंय. हवालदार तिला विचारतोय, मारलं ते ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडची हद्द दुसऱ्या ठाण्याची ना! मग म्हणतोय, कुठली तू, रेशनकार्ड दाखव. तुम्ही ताडकन उठलात.

"हद्द मागून बघू. मार खाऊन आलेल्याला गाव विचारायचं नाही. उद्या कोण पायरी चढेल इथली?"

एवढ्या मोठ्याने बोललात की माझ्या हातून आमटी सांडली, आणि त्याबद्दल घरी मी वेगळी बोलणी खाल्ली.

तेच आज मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. माझे वडील पोलीस होते, म्हटलं. सरहद्द ज्यांनी राखायची ते राखत नसतील तर त्यांना जाब विचारा. पण तुम्ही कागद मागायला लागलात तर कुणाच्या घरात बिनधास्त शिरायचं ते चोराला बरोबर कळेल. मागून एकजण म्हणाला, तुझे कागद कुठायत?

"आहेत," मी म्हटलं. "पण तुम्हाला दाखवणार नाही."

बोलणं संपेपर्यंत खाली बसले नाही.

पोलिसांना तो अधिकार द्यायचा ठराव मंजूर झाला. वर टाळ्याही वाजवल्या मेल्यांनी. होऊ दे. पुढच्या सभेलाही मी जाणार आहे, नवऱ्याला चिडायचं तर चिडू दे.

घरी येताना शेजारणीकडे गेले. हात अजून प्लास्टरमध्येच आहे. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. मी तिला म्हटलं, "पुन्हा काही झालं तर पोलिसांना बोलावू नकोस. माझं दार वाजव."

अण्णा, जन्मभर तुम्ही लोकांना सांगत फिरलात, घाबरू नका, चौकीत या. आणि तुमची मुलगी हे असं सांगून आलीय. मागे घेणार नाही मी ते. पण तुम्ही समोर बसला असतात, तर हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती.