येनार हाय की न्हाय

मु. अंजूर, ता. भिवंडी
शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९७४

ती. लडकूमामांच्या पायांवर भाचा सावळाराम याने अंजूरहूनच डोकं ठेवलं आहे असं समजावं. (उजव्या पायावर जरा हलकेच ठेवलं आहे, गुडघ्याचं लक्षात आहे.) इकडे आई आणि मी खुशाल. तुमची आणि ठमामामींची खुशाली कळवावी. मामींचा खोकला कसा आहे? आई म्हणते, ओवा भाजून हुंगायला सांग. म्हैस व्यायली का, आणि व्यायली असल्यास चीक एकट्यानेच खाल्लात का, तेही कळवावं. काम असलं की भाच्याला मामा आठवतो, असं तुम्ही मागे पेणच्या जत्रेत चार माणसांत बोललात. ते मनाला लागलं, म्हणून हे पत्र मुद्दाम बिनकामाचं लिहितो आहे. काम काहीसुद्धा नाही.

माझी ड्युटी तीच. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं आणि दोष शोधायचे. इथे धागा तुटला, तिथे डाग पडला, इथे वीण विरळ झाली, असं मोठ्याने बोलत जायचं आणि खडूने खूण करायची. चार वर्षं हेच केल्यावर जिभेला वळण पडतं, मामा. परवा आईने ताट वाढलं तर मी भाकरीची कड बोटाने चाचपून बघितली. आईने ताट उचलून नेलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या स्वभावाचा दोष कमी आणि नोकरीचा जास्त आहे.

दुसरं वेड तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच लावलंत. लहानपणी तुमच्या ओटीवर चावीच्या फोनोला कान लावून बसायचो, त्याचं फळ म्हणजे आज माझ्याकडे बासष्ट रेकॉर्ड आहेत. (आई त्यांना तवे म्हणते, आणि एकावरही भाकरी होत नाही म्हणून हळहळते.) त्यात सर्वांत लाडकी आपली तरीच्या, म्हणजे होडीच्या, गाण्याची. खाडीच्या या काठावरून पोरगा विचारतो, होडी लावलीय, येणार का, आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी पोरगी दोन शब्दांत निकाल लावते, ‘येनार न्हाय’. तुम्ही ही रेकॉर्ड बाजारात आली त्याच आठवड्यात घेतली होती. माझी मुंबईच्या जुन्या बाजारातली, पण लाल लेबलाची, म्हणजे पहिल्या छापाची. यंदा त्याच गाण्याची नवी मोठी तबकडी निघाली आहे. ती भिवंडीत एका हॉटेलात ऐकली. मागे गिटार घातलंय, बाई तीच पण आवाजाला वय झालंय, आणि तिसरं कडवं कापून टाकलंय. म्हणजे पोरीने उत्तरच दिलेलं नाही. पोरगा अजून काठावर उभाच असेल. मी चहा अर्धा टाकून उठलो.

याच नादातून पूर्ण्याचे चांगदेवशेट भेटले. फोनोच्या सुयांच्या दुकानात आम्ही दोघांनी एकाच डबीला हात घातला आणि सोयरीक जमल्यासारखे बोलत उभे राहिलो. त्यांच्याकडेही तरीचं गाणं आहे, पण निळ्या लेबलाचं, आणि (इथे बसून घ्यावं) त्यात पोरगी ‘येनार हाय’ म्हणते. मी त्यांच्या घरी जाऊन स्वतःच्या कानाने ऐकलं. आधी टक, टक, टक असे तीन ठोके येतात आणि तिसऱ्या ठोक्यावर ‘हाय’. ठोके म्हणजे वल्ह्याचा आवाज, असं शेटचं म्हणणं. माझं म्हणणं, पहिल्या छापावर लोक नाराज झाले असतील, म्हणून कंपनीने बाईला परत बोलावून होकार गाऊन घेतला आणि वर ठोके चढवले. शेटचं म्हणणं, होकारच आधीचा, नकार मागाहून. तीन महिने आम्ही यावर बोललो आणि दोघांनाही तेवढं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं.

त्यांची मुलगी कमळा. फोनोला चावी द्यायची, सुई बदलायची, हे तीच करते. आमचं भांडण चालू असताना ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही, फक्त कधीकधी खाली बघून हसायची. मामा, तुमच्यापासून लपवायचं काय, मला ती फार आवडली. रेकॉर्ड हातात धरते ती फक्त कडेने, बोट कधी रेघांवर पडत नाही. शेटनाही मी पसंत होतो. दोन्हीकडून बोलणी झाली आणि आठ तारखेच्या शुक्रवारी सुपारी फोडायची ठरलं. (तुम्हाला बोलावणं पाठवलं होतं, तुमचा गुडघा आडवा आला. तुम्ही असतात तर पुढचं टळलं असतं, असं आई रोज एकदा म्हणते.)

त्या दिवशी पूर्ण्याला ओटीवर पुरुषमाणसं, आत बायका, मध्ये पडदा. आत कमळेची आत्या धोंडूबाई वडे तळत होती. कमळा आईवेगळी, तिला या आत्यानेच वाढवली, त्यामुळे त्या घरात शेटचा शब्द शेवटून दुसरा. ताटात सुपारी तयार होती. आईने वाटेत मला शपथ घातली होती की गाण्याचा विषय काढायचा नाही, आणि मी तो काढला नाही. शेटनी काढला. चार पाहुण्यांना ऐकवायचं म्हणून त्यांनी रेकॉर्ड लावली, गाणं संपलं, आणि माझ्याकडे वळून मिशीत हसत म्हणाले, “बोला जावय. कशी हाय?”

आता रेकॉर्ड ही बाईमाणूस. तबकडी म्हणा, तीही बाईमाणूस. आपल्या भाषेनेच माझा घात केला. आत बायकांनी एवढंच ऐकलं की मुलीच्या बापाने जावयाला विचारलं, कशी आहे, आणि सगळ्याजणी हातातलं काम थांबवून उत्तर ऐकायला पडद्याशी आल्या. मी मन लावून, टेबलावर कापड पसरल्यासारखं, खणखणीत आवाजात सांगितलं, “बरी हाय, पन मूळची न्हाय. कड जरा उडालीय, आवाज बसलाय, आनि ही एका हातातली न्हाय वाटत.”

आत वडे कढईत तसेच करपत राहिले. मग पडदा सरला आणि धोंडूबाई झारा घेऊन बाहेर आली. आमच्या पोरीची कड कुठं उडालीय ती दाखव, म्हणाली. मी घाबरलो आणि घाबरलेल्या माणसाने करू नये ते केलं, म्हणजे खुलासा केला. मी हिच्याबद्दल बोलतच नाही, म्हटलं, मी तिच्याबद्दल बोलतोय. ती कोण, असं धोंडूबाईने विचारलं. मी म्हटलं, मूळची माझ्या घरी आहे, चार वर्षं झाली आणून, आईला विचारा. आईने कपाळाला हात लावला आणि ओटीच्या पायरीवर बसली. धोंडूबाईने तो होकार धरला. मामा, मी तोंडाने सुपारी मागायला गेलो होतो आणि तोंडानेच दुसरी बायको घरात असल्याची कबुली देऊन आलो.

बायकांचा गैरसमज दोन दिवसांत फिटला, आईने स्वतः जाऊन सगळे तवे गोणीतून नेऊन दाखवले. पण खरी अडचण शेटची झाली. त्यांना माझं बोलणं पहिल्यापासून नीट कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त दुखावले. मुलीला नावं ठेवली असतीस तर पोरकटपणा म्हणून सोडलं असतं, म्हणाले, पण पाहुण्यांसमोर माझ्या रेकॉर्डला दुसऱ्या छापाची म्हणालास. सुपारी ताटात तशीच राहिली. आमच्या खात्यातले म्हातारे मुकादम, जॉबर चाचा, हे ऐकून म्हणाले, “अरे बेटा, शादी करनी थी या माल पास करना था?” तेव्हापासून अख्खी शिफ्ट मला ‘पासवाला’ म्हणून हाक मारते.

शेवटी शेटनी निवाडा असा ठरवला, की तिसरी रेकॉर्ड आणायची. ज्याने ती नवीकोरी विकत घेतली अशा वडीलधाऱ्या माणसाने ती पंचांसमोर वाजवायची. पोरगी ‘हाय’ म्हणाली तर मी सर्वांसमोर चुकलो म्हणायचं आणि लगेच सुपारी फोडायची. ‘न्हाय’ म्हणाली तर शेट मान्य करतील की त्यांची दुसऱ्या छापाची, पण मग ज्याने मला खोटं पाडलं त्याला मुलगी देणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. म्हणजे मी खरा ठरलो तर कमळा गेली. पंचांची बैठक तीन मार्चला, रविवारी, शेटच्याच ओटीवर. असो. असलं चालायचंच. मामींना नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा भाचा,
सावळाराम

ता. क. पत्र टाकायला निघालो आणि आठवलं, नवीकोरी घेतलेले वडीलधारे म्हणजे तुम्हीच. काम म्हणून नव्हे, पण तीन तारखेला रेकॉर्ड घेऊन याल का? तुमच्या रेकॉर्डमध्ये ती काय म्हणते ते मला पाठ आहे. तरीही या. वाटेत एसटीत गर्दी असते, माणसाच्या हातून वस्तू पडते, लाखेची तबकडी पडली की फुटतेच, त्यात कुणाचा दोष नसतो.

ता. क. दुसरा (सोमवार). वरचं पडण्याबिडण्याचं विसरा, मला लिहिताना लाज कशी वाटली नाही कोण जाणे. आज सुयांच्या दुकानात कमळा भेटली. आजूबाजूला बघून म्हणाली, “ते वल्हं न्हाय, काय न्हाय. मी नऊ वर्सांची होते. बाबांनी ती रेकॉर्ड आदले दिवशीच आनली होती. तिचं ‘न्हाय’ मना आवडला न्हाय, म्हनून केसांचे आकड्यानं खरवडला.” मामा, तीन महिने दोन शहाणे दोन छापांवर भांडत होते आणि छाप एकच होता. लेबलाचा रंग म्हणजे नुसता रंग, ठोके म्हणजे ओरखडा, आणि त्या ओरखड्यात ‘न्हाय’मधला ‘न’ तेवढा गेला. मी विचारलं, बाबांना सांगायचं का? ती म्हणाली, पंधरा वर्षं ते त्या ‘हाय’वर खूश आहेत, आता कशाला. मग ओरखडा लेबलापासून किती बोटांवर आणि किती लांबीचा, ते मोजून सांगितलं, आणि स्वतःचा आकडा काढून माझ्या हातावर ठेवला. तुझं काय, हाय की न्हाय, असं मी विचारलं. “येवढा सांगितला, आजून काय सांगू?” म्हणाली आणि सुयांची डबी घेऊन निघून गेली.

ता. क. तिसरा (बुधवार). तुमची रेकॉर्ड आणू नका. फडक्यात गुंडाळून कपाटात वर ठेवा, मामींच्या सांडग्यांपासून लांब. एक तरी धड राहू द्या. काल सर्कशीच्या बँडच्या एका रेकॉर्डवर हात बसवला आणि आज दुपारी माझ्या लाल लेबलावर आकडा फिरवला. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. मग लावून बघितली. तीन ठोके आले आणि पोरगी ‘हाय’ म्हणाली. माझी फुटली असं शेटना कळवलंय, तर बिचाऱ्यांनी भांडण विसरून सांत्वनाला सुयांची डबी पाठवली. तुम्ही रिकाम्या हाताने या, मानकोलीला उतरा, तिथे मी ही माझी रेकॉर्ड तुमच्या हातात देईन आणि ती तुमचीच. पंच विचारतील, मामा, पोरगी काय म्हणते. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत, हे ठाऊक आहे, म्हणून एक सोय सुचवतो. रेकॉर्डकडे बघू नका, पडद्याकडे बघा आणि सांगा, पोरगी हाय म्हणते.