तोटे ऐकणारी

२ नोव्हेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. दवाखाना छोटासाच, दोन मजली. आवारात झाडाखाली बाकं, आत फरशी इतकी लख्ख की चप्पल बाहेर काढावीशी वाटते. औषधाच्या दुकानात होते तेव्हा मी प्रत्येक गिऱ्हाइकाला खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचून दाखवायचे. या गोळीने मळमळेल, त्या गोळीने झोप उडेल. निम्मी माणसं औषध तिथेच ठेवून निघून जायची. शेवटी मालकांनी मला कोपरापासून हात जोडले. इथे मात्र मोठ्या डॉक्टरांनी हेच सगळं ऐकून मान डोलावली. म्हणाले, अशाच माणसाच्या शोधात होतो.

आई म्हणाली, तुझ्या संशयी डोक्याचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे टोमणे मारायला तिला मीच सापडते. ती स्वतः डॉक्टरांना जन्मात एक प्रश्न विचारणार नाही. दिलेली गोळी मुकाट्याने गिळते आणि वर त्यांनाच बरं वाटावं म्हणून लगेच बरी होते.

४ नोव्हेंबर

काम समजलं. जरा चमत्कारिक आहे. इथे पेशंटला फक्त उपचाराचे फायदे सांगतात. तोटे सांगतात ते मला. शस्त्रक्रिया आटोपली, पेशंट गुंगीत असला की डॉक्टर हात धुऊन शेजारच्या खोलीत येतात, माझ्यासमोर बसतात आणि काय काय बिघडू शकतं ते एकेक करून सांगतात. प्रत्येकावर मी ‘मान्य’ म्हणायचं. सगळ्यात शेवटी, क्वचित जीवही जाऊ शकतो, हे येतं. तिथे माझी जीभ थोडी अडखळते. गोळ्या-इंजेक्शनांचंही असंच, पहिला डोस पोटात गेला की माझी पाळी.

हे पेशंटलाच का सांगत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तोटे ऐकले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्याला नेमके तेच तोटे होतात. हे काही अगदीच खोटं नाही. साध्या साखरेच्या गोळीनेही पोट दुखेल म्हणून सांगितलं तर काहींचं दुखतं. पण न सांगता उपचार करणं डॉक्टरांच्या तत्त्वात बसत नाही, कुणीतरी ऐकून होकार द्यायलाच हवा. मग तो आधी का घेत नाहीत, हा प्रश्न मी गिळला. पहिल्याच आठवड्यात फाटे नको फोडायला. खोली हवेशीर आहे आणि खुर्ची गुबगुबीत.

९ नोव्हेंबर

इथे कुणाला काही होतच नाही. गुडघा, पित्ताशय, मोतीबिंदू, सगळे हसत घरी जातात. ना ताप, ना उलटी, ना टाक्यात पू. इतकं चांगलं मला पचत नाही.

माझ्या आधी हे काम करणारे गृहस्थ दिवसभर बाकावर बसलेले असतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. काळा चष्मा, डोक्यावर केस नाही, मान सतत हलते. दवाखाना त्यांना घरच्यासारखं सांभाळतो, वॉर्डातली मावशी बसून घास भरवते. त्यांना काय झालंय म्हणून सिस्टरना विचारलं. सगळंच, म्हणाल्या, आणि हसून ट्रॉली ढकलत निघून गेल्या. मला नाही हसू आलं.

१५ नोव्हेंबर

डाव्या कानात सकाळपासून शिट्टी वाजतेय. काल एका बाईंना जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन दिलं. त्याच्या तोट्यांत कान होता. उजवा हातही थरथरतो. तो परवाच्या पेशंटच्या गोळ्यांत होता.

ऐकलं की होतं, डॉक्टरांनीच सांगितलंय. मी भित्री आहे, एवढाच याचा अर्थ. असं स्वतःला बजावलं तरी शंकेची पाल चुकचुकायची थांबत नाही.

१९ नोव्हेंबर

आज मी एक चलाखी केली. एका आजोबांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली. कुठली, ते मी मुद्दाम विचारलं नाही. खोलीत जाण्याआधी कानात कापसाचे बोळे घातले आणि त्यावर केस घेतले. डॉक्टर बोलत असताना खाली मान घालून बसले. बोलताना हलणारा त्यांचा बूट थांबला की म्हटलं, मान्य. एक अक्षर ऐकलं नाही.

घरी पोचेपर्यंत दोन्ही पाय सुजले. चपलेचे पट्टे कातडीत रुतले.

परत दवाखान्यात जाऊन आजोबांच्या गोळीचं खोकं शोधलं आणि आतला कागद वाचला. पाय सुजणे, दुसऱ्याच ओळीत आहे.

म्हणजे ऐकण्याचा आणि घाबरण्याचा इथे काही संबंध नाही. संबंध आहे तो मान्य म्हणण्याशी. मी कुणाकुणाच्या वतीने काय काय मान्य करून बसलेय? आणि तो शेवटचा तोटा — तोही दर वेळी — अजून लागला नाही, एवढंच —

२१ नोव्हेंबर

नोकरी सोडली. डॉक्टर चिडले नाहीत, उलट त्यांनी मला पाणी दिलं. मग अगदी हळू म्हणाले, “तोटा नाहीसा होत नाही हो, बाई. तो कुणाच्या तरी वाट्याला जातोच. शंभर घरांत थोडा थोडा जाऊ द्यायचा की एकाच खुर्चीत बसवायचा, तुम्हीच सांगा.”

मला त्यांचा राग येतोय, आणि क्षणभर त्यांचं पटलं म्हणून स्वतःचा जास्त.

घरी आईला सगळं सांगायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. सकाळी, नोकरी सोडायच्या आधी, एका लेकुरवाळीच्या गळ्यातली गाठ काढून झाली होती, तिची पोरं बाहेर बाकावर बसली होती. तिच्यासाठी मी — आवाज जाऊ शकतो — मान्य.

२३ नोव्हेंबर

लिहून सांगितलं तर माझं थरथरतं अक्षर आईला लागत नाही. ओठ हलवून दाखवले तर तिला वाटतं, घसा दुखतोय. ती रडते.

आज डॉक्टर घरी आले. आईशी फार गोड बोलले. छोटीशी शस्त्रक्रिया आहे, आवाज पहिल्यासारखा होईल, खणखणीत. मी हाताने नाही नाही म्हणत होते. पण मग वाटलं, खुर्चीत आता मी नाही. भाऊंच्यात काही उरलेलं नाही. दुसरं कुणी आलेलं नाही. म्हणजे माझे तोटे माझ्याच वाट्याला येतील. येऊ देत. असं मुकं राहून कसं चालेल? आईला हाक मारायची आहे मला. मान हलवली. आईचा जीव भांड्यात पडला.

२६ नोव्हेंबर, दुपार

झालं. गळ्याला पट्टी. पाय अजून जड आहेत, उठता येत नाही. आवाज नाही. वही उशाशी होती.

आत्ता लक्षात आलं. मला कुणीच तोटे सांगितले नाहीत. मी, जी गिऱ्हाइकांना —

मावशी पाणी घेऊन आली. खुणेने विचारलं, आई कुठे? म्हणाली, इथंच शेजारच्या खोलीत, डॉक्टरांशी बोलतायत. तुमच्यासाठी काही करायला मिळालं म्हणून खूश आहेत हो.

शेजारच्या खोलीत —

भिंत पातळ आहे. डॉक्टरांचा आवाज, सावकाश. मग आईचा. मान्य.

घंटीचं बटण दाबतेय. कुणी येत नाही. भिंतीवर मूठ आपटली. जोरच नाही हातात.

आईचा आवाज घोगरा येतोय. मान्य. ती विचारतसुद्धा नाही काही. आई, एकदा तरी विचार ना —

श्वास अडकू शकतो. मान्य. खोकतेय ती.

मला पाठ आहे, आता एकच राहिलाय. हे पान मावशीच्या हाती — मावशी गेली. पलंगावरून खाली —

पडले. पाय नाहीतच. दार लांब आहे.

क्वचित, म्हणाले ते. आता ती थांबलीय. आई, थांब. तशीच थांब, नको म्हण —

आवाज आला. माझा. आई म्हटलं मी, अगदी स्वच्छ, खणखणीत —

म्हणजे तिकडे शेवटचंही मान्य म्हणून झालं. ती ओ देत नाहीये. परत हाक मारते. किती मोठ्याने मारता येते मला आता. आई. आई, ओ दे ना, आ