तुमच्या नावाची बॅरल

काका, आज शुक्रवार आहे, दुपारचे अडीच वाजले आहेत आणि तुमच्या नावाच्या बॅरलचे तुकडे करून मी नुकतेच हात धुतले आहेत. बँडसॉवर कापली. रायफलच्या नळीचं स्टील चांगलं होतं, त्यामुळे वेळ लागला. एक काप मी मुद्दाम तुमचं नाव ठोकलेलं होतं तिथून घेतला. अर्धी अक्षरं एका तुकड्यावर राहिली, अर्धी दुसऱ्यावर. नियमाप्रमाणे सगळे तुकडे पेटीत घालून क्लबकडे परत जातील आणि तिथून वितळवायला. तुमचं नाव असलेली जगातली ती एकच वस्तू होती, म्हणून तुम्हाला कळवावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, तरीही.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. बारावी अर्धी सोडून मिरजेत मामाच्या लेथवर काम केलं होतं, तेवढीच शिदोरी. तुम्ही दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन आखातात आलेले, वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या नेमबाजी क्लबच्या आर्मरीचे सर्वेसर्वा. सभासदांच्या रायफली तुम्ही दुरुस्त करायचात आणि ज्यांना कारखान्याच्या काडतुसांवर भरवसा नसे त्यांच्यासाठी काडतुसं हाताने भरून द्यायचात. मला हाताखाली घेतलंत ते माझ्या अक्षरामुळे. भरलेल्या डब्यांवर लेबल लावावं लागतं, त्यावर बारूद कोणतं, मात्रा किती, गोळी कोणती, सगळं लिहावं लागतं. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नव्हतं. माझं सुबक, आणि एक वेलांटीही चुकत नाही. "ए शुद्धलेखन, इकडे ये," अशी हाक मारायचात. पहिल्या आठवड्यात राग आला, नंतर मी त्या नावाला ओ देऊ लागलो.

दुबईच्या करामा भागातल्या तुमच्या खोलीचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. शुक्रवार आहे, बाकीचे भाडेकरू झोपले आहेत, तुम्ही लसूण सोलताय आणि ओट्यावर काडतुसाची पितळेची एक रिकामी केस उभी करून मला शिकवताय. "हे पोट, हा खांदा, ही मान. कंपनीने जशी दिली तशी वापरलीस तर ती कंपनीची. आपण डायच्या साच्यात घालून मान बारीक केली, खांदा मागे सारला, की ती कुठल्याच कॅटलॉगात नाही. हिला वाइल्डकॅट म्हणतात. बिनबापाची पोर."

"मग तिला नाव कोण देतं?"

"जो बनवतो तो. आणि ते बॅरलवर ठोकावं लागतं. नाहीतर उद्या कुणीतरी भलतंच काडतूस घालून स्वतःचं थोबाड फोडून घेईल."

"पण काका, कॅटलॉगात नाही म्हणजे बारूद किती घालायचं ते कसं कळणार?"

"खालून सुरू करायचं आणि थोडं थोडं वाढवायचं. प्रत्येक वेळी घाबरायचं. तुला ते फार छान जमेल."

तुम्ही हसलात, मीही हसलो. मग पिठलं ढवळता ढवळता तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून जसंच्या तसं म्हणून दाखवू शकतो. नवशिक्याने पहिली वाइल्डकॅट साधी निवडावी. जिची मूळ केस कुठल्याही दुकानात मिळते आणि जी एका डायमधून एकदाच काढली की तयार होते, अशी. पोरं गोळीच्या वेगामागे लागतात आणि केसा फोडत बसतात. आणि बारूदला ऊन चढतं. जानेवारीत शहाण्यासारखं वागणारं बारूद ऑगस्टात माजतं, म्हणून इथे उन्हाळा पाहिल्याशिवाय कुठलीही मात्रा पक्की म्हणायची नाही. शेवटी म्हणालात, "पुढच्या वर्षी तुझी पहिली तू निवड. मी मध्ये बोलणार नाही." मी रात्रंदिवस तेच घेऊन फिरलो. इंटरनॅशनल सिटीत मी राहायचो, तिथून चौघांनी मिळून ठरवलेल्या, क्लबवरून जाणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी मनातल्या मनात केसांच्या माना बारीक करत असे.

पुढचं वर्ष आलंच नाही, म्हणजे तसं आलं नाही. २००८ संपता संपता मंदी आली आणि आमच्या त्या गाडीतली माणसं एकेक करून कमी झाली. ड्राफ्ट्समन गेला, मग साइटवरचे दोघे गेले, शेवटी मी आणि गाडीवाला उरलो आणि पेट्रोल परवडेना. क्लबात सभासद येईनासे झाले. मॅनेजरने आर्मरीत येऊन खुर्चीवर न बसताच सांगितलं की दोन माणसांचं काम आता एकाने करावं लागेल, उन्हाळ्यात ठरवू. तुमची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे मला माहीत होतं. माझ्या घरची पैशांची ओढाताण तुम्हालाही माहीत होती.

त्याच आठवड्यात तुम्ही अर्बाबांना गाठलंत. क्लबच्या सर्वांत जुन्या इमिराती सभासदाला आम्ही सगळे मालक या अर्थाने अर्बाब म्हणायचो. त्यांना लांबच्या नेमबाजीचं वेड, आणि दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही हातात असावं याचं त्याहून मोठं. तुम्ही म्हणालात, अर्बाब, तुमच्यासाठी मी असं काडतूस बनवतो की ते दुनियेत कुणाकडे नसेल. चढा खांदा, तीन डाया, आणि एकदा उडवल्याशिवाय केसला खरा आकारच येणार नाही असं ते प्रकरण. मला शिकवलं होतंत त्याच्या बरोबर उलट. बॅरलवर तुम्ही तुमचं आडनाव ठोकलंत. मला कळलं होतं की ती तुमची नोकरी पक्की करणारी खुंटी आहे. ज्याचं काडतूस फक्त त्यालाच भरता येतं, त्याला काढणार कोण?

जानेवारीच्या थंडीत, पहाटे पहाटे आपण मात्रा वाढवत गेलो. स्वेटर घालून. वेग मिळाला, अर्बाब खूश झाले, तुम्ही तिथेच थांबलात आणि मला म्हणालात, हीच मात्रा, भर. मी विचारलं, "काका, उन्हाळ्यात?" मला काही फार कळत होतं म्हणून नव्हे. तुम्हीच शिकवलं होतंत म्हणून, आणि मला सगळ्याचीच भीती वाटते म्हणून. तुम्ही अर्बाबांसमोर म्हणालात, "बारावी तरी पुरी कर, मग मला बारूद शिकव." अर्बाबांना मराठी येत नाही, पण तुमच्या आवाजावरून ते हसले.

मी भरलं. सांगितलंत तेवढंच. प्रत्येक मात्रा तराजूवर दोनदा पाहून. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात.

जूनच्या त्या दुपारी काडतुसांचा डबा अर्बाबांच्या गाडीत तापत पडला होता. तिसऱ्या गोळीला आवाज वेगळा आला. बोल्ट, म्हणजे रायफलची मागची कडी, जागेवर चिकटला आणि मागून गरम वायूचा फवारा त्यांच्या गालावर आला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. बोल्ट मोकळा करायला तुम्हाला लाकडी हातोडा लागला. ठोकताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मॅनेजर आला. काय झालं म्हणून विचारलं. तुम्ही डबा उचललात, लेबल त्याच्यापुढे धरलंत आणि हिंदीत विचारलंत, "ये अक्षर किसका है?"

तुम्ही खोटंही बोलला नाहीत, काका. नुसतं अक्षर दाखवलंत. आर्मरीत तेवढं सुबक अक्षर एकाचंच होतं. मॅनेजर म्हणाला, "खलास." मी म्हणालो की काकांनी सांगितलं तेवढंच भरलंय. त्याने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हात पुसत म्हणालात, "लडका है, हो जाता है. माफ कर दो." म्हणजे वर माझ्यासाठी रदबदलीही केलीत! त्या एका वाक्याने माझा कबुलीजबाब तुम्हीच देऊन टाकलात. मी दुसऱ्या कशासाठी तुम्हाला क्षमा केली असती, पण त्या 'माफ कर दो'साठी नाही.

व्हिसा रद्द झाला. मिरजेत स्टेशनवर वडील घ्यायला आले होते. रिक्षात बसल्यावर पुढे बघतच त्यांनी विचारलं, "चोरी केलीस का?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण पुन्हा कधी कुणासमोर माझ्या आखाताचा विषय काढला नाही. दोन वर्षांनी तुमच्या खोलीतल्या एका भाडेकरूचा फोन आला की काका गेले, हार्ट अटॅक, करामातच. मला वाईट वाटलं. कारण मी परत यायची तयारी करत होतो आणि आता दाखवायला तुम्ही नव्हतात.

परत आलो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका वर्कशॉपमध्ये, जिथे परवान्यावर क्लबच्या बॅरली बसवतात. गेल्या हिवाळ्यात अर्बाबांची रायफल माझ्या बाकावर आली. बॅरल झिजून गेली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, हीच परत बनवा, नाहीतर तुम्हाला योग्य वाटेल ते. बॅरलवर तुमचं नाव पाहिलं आणि मी दार लावून घेतलं.

तुमचं काडतूस वाईट नव्हतं. बारूद किंचित कमी केलं असतं तर ते भर उन्हाळ्यातही सुरळीत चाललं असतं, आणि तुमचं नाव नव्या बॅरलवर आणखी काही वर्षं राहिलं असतं. मला हे माहीत होतं. मी अर्बाबांना ते सांगितलं नाही. कळवलं की जुना आकार इथल्या हवेला चालत नाही, नवा घेऊ. आणि माझी पहिली वाइल्डकॅट मी निवडली, तुम्ही पिठलं ढवळताना सांगितलीत अगदी तशी. साधी. दुकानात मिळणारी केस, एकच डाय, एकदाच. बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसणार नाही. मात्रा थंडीत ठरवली आणि पक्की केली नाही. ऑगस्टात भर दुपारी काडतुसं गाडीच्या बॉनेटवर तापवून मग उडवली. बोल्ट एका बोटाने उघडत होता. प्रत्येक वेळी मी घाबरलो, तुम्ही म्हणाला होतात तसाच.

काल अर्बाब रायफल पाहायला आले. खूश झाले. विचारलं, "नाम क्या डालोगे?" मी म्हणालो, नाव नाही, फक्त मापाचे आकडे. ते म्हणाले, "पहले वाले पे किसी का नाम था."

"आर्मरीवाले काका का, अर्बाब."

"हाँ, वो बुड्ढा. खाना अच्छा खिलाता था."

या क्षणासाठी मी पाच वर्षं वाक्यं जुळवली होती. मी म्हणालो, "गर्मी में वो जो बोल्ट फँसा था..." त्यांचा हात आपोआप गालावर गेला. "हाँ हाँ, किसी लडके ने ज्यादा भर दिया था. निकाल दिया उसको." मग नव्या बोल्टशी खेळता खेळता, सहज, "तुम तब थे इधर?"

मी म्हणालो, "नहीं, अर्बाब."

ते गेले. जाताना म्हणाले, यल्ला, चल, पुढच्या शुक्रवारी पाठव.

खडकीचा तुमच्या घरचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र काकूंना पाठवायचं मी सकाळपासून ठरवत होतो. बॅरल कापतानाही ठरवत होतो. त्या वाचतील, मुलगी वाचेल, तिची डिग्री कशातून आली ते तिला कळेल. पण पाठवणार नाही. त्यांना दुःख होईल म्हणून नाही, ते झालेलं मला चालेल. त्या विचारतील, हे खरं कशावरून. त्या दिवशी बाकावर तराजू होता, मी होतो आणि चहा पीत बसलेले तुम्ही होतात. मी बरोबर भरलं होतं हे पाहिलेला दुसरा कोणी नाही. काल अर्बाब समोर असताना मला तुमच्या साक्षीची गरज होती, काका. मान वळवून मी दाराकडे पाहिलंसुद्धा.