खिडक्या – रंग काढणे

४ मार्च, बुधवार

१. सोमवार आणि मंगळवार, असे दोन दिवस खालच्या खोलीतल्या तीन खिडक्या कोरड्या खरवडल्या गेल्या. आधी लोखंडी पत्ती, मग पॉलिशपेपर. पाणी वापरलं नाही.
२. खिडक्या बंद होत्या. धूळ शेजारी जाऊ नये म्हणून.
३. कामाची सूचना तोंडी होती की लेखी, हे स्पष्ट नाही.
४. ठकी – दादाची मुलगी, वय चौदा महिने – दोन्ही दिवस त्याच मजल्यावर रांगत होती. वहिनी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या कामात.
५. मंगळवारी सव्वापाचला मी घरी आले. ठकी मधल्या खिडकीला धरून उभी. मूठ तोंडात. मुठीवर, हनुवटीवर, कानामागे पिवळट पूड.
६. तोंड, हात धुतले. पोटात किती गेलं, माहीत नाही.

प्रयोगशाळेत काही सांडलं-फुटलं की आम्ही असंच लिहितो. त्यात कर्ता नसतो. 

मला बघून ती हसली. दातांवरही पूड होती.

५ मार्च

कामावर जाताना पाकिटात तीन कपच्या नेल्या. भिंगाखाली सात थर दिसले. वरून क्रीम, क्रीम, हिरवा, राखाडी, हिरवा, तपकिरी. तळाला पिवळा. घर साठ-पासष्ट वर्षांचं आहे, म्हणजे सात वेळा कुणीतरी आमच्यासारखंच शेडकार्ड घेऊन भांडलं असणार.

यंत्रात घातल्या. शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद. आमच्या खिडकीत चाळीस हजार.

पुन्हा मोजलं. एकेचाळीस हजार.

दिवसभर मी हेच तर करते! लोकांच्या रंगांचे नवे डबे उघडायचे, चमक मोजायची, जाडी मोजायची, शिसं आहे का बघायचं. चार वर्षं. आणि स्वतःच्या घरातली खिडकी एकदाही तपासावीशी वाटली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दादाला फोन केला. आवाज सरळ ठेवला. तो म्हणाला, "तू घाबरली नाहीस ना? मग ठीक आहे." मी घाबरत नाही, असं या घरात सगळ्यांनी धरून चाललंय.

६ मार्च

ठकीचं रक्त घेतलं. दंड माझ्या मनगटाएवढाही नाही, त्यात शीर शोधायची! तिसऱ्यांदा मिळाली. वहिनी बाहेर गेली. मी धरून ठेवलं. "आत्तू, आत्तू" – रडतानाही मलाच हाक, आणि धरून ठेवणारीही मीच.

घरी आलो तर पेंटरकाका दारात. आज प्रायमरचा पहिला हात मारायचा होता, म्हणून ब्रश भिजवून, सदरा बदलून उभे. दादा त्यांच्यावर तुटून पडला. "खिडक्या खरवडायला कुणी सांगितलं? तेहतीस वर्षं काम करता ना? शेंबड्या पोरालाही कळतं –"

"चिठ्ठी होती ना साहेब. खिडकीवर, चिकटपट्टीवर लिहिलेली."

"कुठाय? दाखवा."

काकांनी तिन्ही खिडक्या बघितल्या. खाली वाकून फरशी बघितली. "होती इथं," म्हणाले, तेही हळू, जणू स्वतःलाच.

दादा म्हणाला, "पुरे झाली नाटकं. सामान उचला."

ओले ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

मी जिन्यावर होते.

७ मार्च

झोप नाही. ठकीला दर तासाला बघते. काय बघते, ते मलाही सांगता येणार नाही.

८ मार्च, रविवार

क्रमांक ३ खोटा आहे. स्वतःच्या वहीत खोटं! कोण वाचणार होतं?

चिठ्ठी होती. मी लिहिली होती. मंगळवारी ठकीचं तोंड धुतल्यावर खिडकीवरून मीच ती सोलून काढली. तेव्हा विचार केला नव्हता, हात आपोआप गेला. आता ती या पानावर चिकटवलीय. खाली आहे:

*खिडक्या – रंग काढणे. पूर्ण.*

अक्षर सुरेख. माझंच.

आमच्या घरात रंग काढणे म्हणजे रंग देणे. आई म्हणायची, "यंदा घराला रंग काढू या." पाटीवर चित्र काढावं तसा भिंतीला रंग काढायचा. पण काकांच्या धंद्यात रंग मारतात, लावतात, देतात. काढतात तो जुना. 'खिडक्यांना' लिहिलं असतं तर प्रश्न नव्हता. वर मी 'पूर्ण' लिहिलं! आतली चौकटही विसरू नये म्हणून. त्यांनी पूर्ण काढला. लाकडापर्यंत.

आणि ग्लॉसही माझाच हट्ट. फेब्रुवारीभर घरात दुसरा विषय नव्हता. वहिनीला सगळं मॅट हवं होतं, "डोळ्यांना शांत." मी म्हटलं, भिंती मॅट घे, खिडक्यांना ग्लॉस. ठकीची बोटं लागणार, डाग पुसता आले पाहिजेत. दादा म्हणाला, "पांढऱ्यात अकरा प्रकार असतात हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही." काका हसले. "शेडकार्डावरचा रंग म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो, साहेब. माणूस वेगळाच निघतो." मग मला म्हणाले, "ताई, मॅट झाकून घेतं. ग्लॉस चुगली करतो. खालचा एकूण एक खड्डा दाखवतो."

म्हणजे ग्लॉस हवा म्हटल्यावर खालचं सगळं काढायला सांगणं त्यांना वेड्यासारखं वाटलं नसणार. बरोबरच वाटलं असणार. विचारायचं कशाला?

'ना'. एक अक्षर.

१० मार्च

रिपोर्ट आला. रक्तात शिसं चौदा. पाचच्या वर असलं की हालचाल करायची असते.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. "औषध द्यावं लागेल एवढं नाही. धूळ बंद करा, ओल्या फडक्यानं पुसा, लोह द्या, महिन्यानं पुन्हा बघू." वहिनीनं विचारलं, "तिच्या डोक्यावर काही परिणाम?" बाई म्हणाल्या, "आज काही सांगता येणार नाही."

आज. म्हणजे कधी? शाळेत गेल्यावर? पाढे अडखळले की? मी आयुष्यभर या मुलीचे पाढे ऐकत बसणार.

परतताना वहिनी गाडीत म्हणाली, "त्या माणसाचे हात झडले पाहिजेत." मी खिडकीबाहेर बघत होते.

१२ मार्च

सगळं ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं. फरशी, खेळणी, पडद्यांच्या दांड्या. फडकी पिशवीत बांधली, तोंडाला दोन गाठी. खोलीला कुलूप. ठकी दाराशी बसून कुलूप वाजवते.

आज "आत्तू" म्हणाली नाही. दुपारपर्यंत एकदाही नाही. मी तिच्यासमोर बसून माझ्याकडे बोट दाखवत राहिले – मी कोण? सांग ना, मी कोण? वहिनी आली. "अगं, तिला भूक लागलीय."

खाल्ल्यावर म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

१४ मार्च

दादानं गल्लीतल्या दोन घरी सांगितलंय. कोपऱ्यावरच्या बंगल्याचं काम काकांना मिळणार होतं. गेलं.

दादा जेवताना म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या पोराचं असं नको व्हायला." त्यात चूक काय आहे? त्याला माहीत आहे तेवढ्यात तो बरोबर आहे.

सांगायला तोंड उघडलं. "मीठ दे," म्हणाले.

१५ मार्च

प्रायमर बघायला रंगाच्या दुकानात गेले. काका बाहेरच्या बाकावर. सकाळी तिथं कामाच्या आशेनं पेंटर बसतात. मला बघून उठले.

"बाळ कसं आहे ताई?"

चौदा, महिन्यानं पुन्हा, असं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ती चिठ्ठी... पट्टी जुनी असेल. निसटली असेल, केराबरोबर गेली असेल. होतं असं."

माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांना ठाऊक आहे की नाही, कळलं नाही. ठाऊक नसेल, तर ही नुसती भलाई. असेल, तर मला पळायला वाट करून दिली. दोन्ही सहन होत नाहीत.

चहा आला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. उजवं मनगट वर उचलेना, लोंबत होतं. मी विचारलं, कधीपासून? "दोन वर्षं झाली असतील. वय झालं, ताई. पोटातही कळा येतात मधूनमधून. ब्रश धरता येतो, तोवर चाललंय."

"खरवडताना तोंडाला काही बांधता?"

हसले. "तेहतीस वर्षं ही धूळ खातोय. आता ती घरचीच झाली."

मनगट लोंबणं, पोटात कळा. शिसं अंगात भिनल्याची ही लक्षणं पुस्तकात आहेत. परीक्षेला मी हे पाठ केलं होतं, पाच गुणांना.

त्यांचं रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही. दोन दिवस खिडकीपाशी तोंड नेऊन ते खरवडत होते. माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवून.

१६ मार्च

माझ्या घाबरण्याला एकटी ठकी पुरत होती. आता काका धरून दोन झाले. दोघांबद्दलही मी काही बोलले नाही तरच माझं बरं चालतं. हे लिहून बघितलं. नीट वाचता येतं.

१७ मार्च, मंगळवार

आठ तारखेच्या पानावर आता डिंकाचा चौकोन तेवढा आहे. पट्टी दादाच्या ताटाखाली ठेवली, सोबत हे. नक्कल इथं.

दादा, वहिनी,
क्रमांक ३, दुरुस्त: सूचना लेखी होती. मी लिहिली. मंगळवारी मीच काढून लपवली. सोबत जोडली आहे. काकांनी लिहिलं होतं तेच केलं.
गल्लीतल्या दोन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगते. काकांना उद्या सकाळी रक्ततपासणीला नेते आहे.
ठकीची पुढची तपासणी दहा एप्रिलला. तिला धरायला मी यावं की नको, आणि मी या घरात राहावं की नको, ते शुक्रवार, वीस तारखेपर्यंत कळवा.