गुरगुरणाऱ्या व्हायोलिनच्या मालकीबाबत

मी, व्हायोलिन दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर आणि हात अजून स्थिर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. भीती वाटते आहे. तिला दबाव म्हणायचं असेल तर म्हणा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला.

२. हत्यारं समोरच्या दुकानदाराला. वीस वर्षं त्यानं माझी गिऱ्हाइकं पळवली, पण पटाशीला धार लावावी तर त्यानंच. रोगणाची कृती मात्र त्याला देऊ नये. बसू दे हात चोळत.

३. तीनशे वर्षांचं इटालियन व्हायोलिन. त्याच्या एका सुरावर गुरगुर उठते; जुन्या वाद्यांना ही खोड असते. आधी ते एका डॉक्टरांचं होतं. त्यांच्यामागे एका संगीतशिक्षिकेकडे आणि तिच्यामागे तिची शिष्या, म्हणजे माझी बायको, हिच्याकडे आलं. तिघांच्याही हातात ती गुरगुर एके दिवशी थांबली, आणि पुढच्या हातात पुन्हा उठली. तिन्ही वेळा मी माझीच पाठ थोपटून घेतली. गुरगुर थांबल्यापासून वर्षाच्या आत तिघंही गेली.

बायको गेल्यावर मी ते मुलीच्या हातात ठेवून म्हणालो, "आजपासून हे तुझं." तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात चीर सांधायला पहिल्यांदाच वरची फळी उघडली. आमच्या धंद्यात दुरुस्ती करणारा आतल्या बाजूला पेन्सिलीनं नोंद करून ठेवतो. आत चार जुन्या कारागिरांच्या नोंदी होत्या, परक्या भाषांत. भाषांतर करून घेतलं. चौघांनीही थोड्याफार फरकानं एकच लिहिलं होतं: गुरगुर गेली, मालक गेला.

फळी चिकटवून दिली तेव्हाही गुरगुर होती. परवा मुलगी सराव सोडून धावत आली. "बाबा, काय जादू केलीत? केवढा साफ लागतोय सूर!"

मी हातही लावला नव्हता.

म्हणून जाहीर करतो की या व्हायोलिनचा मालक मीच आहे, आणि गुरगुर माझ्या मालकीत थांबली आहे. मुलीला ते फक्त वाजवायला दिलं होतं. दिलं तेव्हा साक्षीदार कोणी नव्हता, त्यामुळे ते देणं टिकणार नाही, असं वकील म्हणाले. वाद्याला कायदा कळतो का, हे त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

४. माझ्यामागे त्याच्या तारा काढून ते संग्रहालयात काचेआड ठेवावं. पोरी, तुला राग येईल. आईची एवढी एकच वस्तू होती, तीही हिरावलीत, असं म्हणशील. खुशाल म्हण. केस पांढरे होईपर्यंत मला शिव्या घालत राहा. मला तेवढंच हवं आहे.

सही: लिहून ठेवणारा, मुलीचा बाप
साक्षीदार: १. वकील २. शेजारचा घड्याळजी
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च