शून्य थेंबांचा पंप

१५ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना.
आजपासून रोजनिशी. वार्षिक सभेत शब्द दिलाय: यंदा खंडेनवमीला आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पंपाची पूजा कोरड्या फरशीवर होणार. दरवर्षी पंपातून पाणी ठिबकतं, पुढची रांगोळी वाहून जाते. मागच्या चेअरमनना पाच वर्षांत जमलं नाही, मी आठ दिवसांत करतो. नाही जमलं तर राजीनामा, असंही बोलून गेलो. टाळ्या फार पडत होत्या.

१६ ऑक्टोबर
पंप ऑपरेटर गणपतरावांना बोलावलं. शाफ्ट पंपात शिरतो तिथे ग्रीसची दोरी भरलेली असते, तिला ग्लँड दाबून धरते. म्हटलं, ग्लँडचे नट आवळा. तर म्हणाले, चेअरमनसाहेब, थोडं गळाय पायजेच की, त्या पाण्यानंच शाफ्ट गार ऱ्हातोय. फरशी भिजतीया ती येगळ्या कारणानं, खालचं भोक...
तिथेच थांबवलं. तीस वर्षं नोकरी झाली की माणूस गळतीच्याही प्रेमात पडतो.

१७ ऑक्टोबर, सकाळी ९
स्वतः पान्हा घेतला. पाव फेरा. मिनिटाला साठ थेंबांचे वीस! इंजिनिअरिंगची ॲडमिशन थोडक्यात हुकली होती. हात मात्र इंजिनिअरचेच.

१९ ऑक्टोबर
परत साठ. दोरी जुनी. माझी चूक नाही.

२० ऑक्टोबर
गणपतरावांना तीन दिवस भरपगारी रजा. सहकुटुंब नृसिंहवाडीला जाऊन या म्हटलं. वळून वळून बघत गेले.
शाहूपुरीतून नवी दोरी आणली. दुकानदार म्हणाला, पावणं, येकेक कडं कापून बसवा, सांधं येका रेषेत येऊ देऊ नका. मी सलग गुंडाळली. सांधाच नाही तर गळणार कुठून? नट शेवटपर्यंत आवळले.

२२ ऑक्टोबर
फरशी खडखडीत. ग्रुपवर फोटो टाकला. सत्तावन्न अंगठे. बायको म्हणाली, बंद पंपाचा कसला फोटो? निशिगंधाला माझं कौतुक करणं पहिल्यापासून जड जातं.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
अकराला पूजा. निशिगंधाची रांगोळी, आरती, मग बटण मी दाबलं. एक थेंब नाही! ऊर भरून आला. दहा मिनिटांत ग्लँडमधून धूर. सगळ्यात वयस्क सभासद चिमणाबाई, धूप झ्याक हाय म्हणून हात जोडून उभ्या. मीही जोडले. धूप लावलेलाच नाही, हे निशिगंधाने कानात सांगितलं. तेवढ्यात वाडीचे पेढे घेऊन गणपतराव आले. पेढे टाकून धावले आणि पंप बंद केला.
दोरी जळाली. शाफ्टवर चढवलेली नळी, म्हणजे स्लीव्ह, खरवडली. रांगोळी शाबूत.

२४ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला कोणी आलं नाही. आले ते पाण्याची पाळी विचारायला. लेथवाल्यांना सुट्टी, स्लीव्ह चार दिवसांनी. दोनशे एकर ऊस वाळतोय. भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही.

२८ ऑक्टोबर
स्लीव्ह आली. गणपतरावांनी पाच कडी कापून बसवली, नट बोटांनी टेकवले आणि पंप लावला. आधी धार लागली, मग थोडं थोडं आवळत पन्नास थेंबांवर आणली. मग पंपाखालच्या भोकात तार घातली. आतून रांगोळी निघाली: लाल, पिवळी, हिरवी. पाच खंडेनवम्यांची. तुंबलेलं पाणी सरळ गटारीला गेलं. फरशी कोरडी.
विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगतच हुतो की, तुमीच थांबिवलासा.

२९ ऑक्टोबर
सभा. राजीनामा खिशात नेला होता. चिमणाबाई म्हणाल्या, आसं सुटाय न्हाय मिळायचं. नवी दोरी जागेवर मुरेपर्यंत पंधरा दिवस थेंब मोजायला माणूस पायजे. ठराव एकमताने, नाव माझं. आमच्या उसाची पाळी शेवटी.

३० ऑक्टोबर, सकाळी ७
पन्नास थेंब.
सव्वासात: एकोणपन्नास. नट किंचित सैल करावा असं माझं मत आहे. पान्हा गणपतरावांनी घरी नेलाय.